पुसायचं नाही, झाकायचं

लग्नसराई संपत आली की परभणीतल्या फोटो स्टुडिओंत आणि डीटीपीच्या दुकानांत एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. मोबाइलमध्ये लग्नातला ग्रुप फोटो असतो आणि खिशातल्या पाकिटात, नोटांच्या मागे जपून ठेवलेला एक पासपोर्ट साइज फोटो. लग्न थाटात झालेलं असतं, पण नवरदेवाचे वडील ते बघायला राहिलेले नसतात. मग जरा खालच्या आवाजात विचारणा होते, "भाऊ, आमच्या आबांना मधात बसवता येतंय का?"

येतं. दुकान स्टेशन रोडचं असो की गंगाखेड, सेलू, मानवतच्या बाजारातलं, खुर्चीवरचा पोरगा "तासाभरानं या" म्हणतो आणि फोटो स्कॅनरवर टाकतो. गिऱ्हाईक सहसा जात नाही. बाजूच्या स्टुलावर बसून पडद्याकडे टक लावून बघत राहतं. त्या तासाभरातल्या कामाचा बहुतेक भार एका नखाएवढ्या चौकोनावर असतो. फोटोशॉपच्या लेयर पॅनेलमध्ये आबांच्या छोट्या चित्राला चिकटून एक काळी-पांढरी खिडकी दिसते. तिचं नाव लेयर मास्क.

मास्क म्हटलं की आता सगळ्यांना कोरोनाची दोन वर्षं आठवतात. त्याआधीचं आठवायचं तर मराठवाड्यात भाद्रपदात घरोघरी बसणाऱ्या महालक्ष्म्यांचे मुखवटे. इथे दोन्हींचा फारसा उपयोग नाही. हा मास्क समजून घ्यायचा तर गॅरेजात जावं. डेंटिंग-पेंटिंगवाला गाडीवर स्प्रे मारण्याआधी काचेवर आणि दिव्यांवर जुनं वर्तमानपत्र लावतो, कडेनं चिकटपट्टी ओढतो. रंग कागदावर बसतो. कागद काढला की काच होती तशी. कागदानं काचेचं काही बिघडवलेलं नसतं, तो फक्त तिच्यापुढे उभा राहिलेला असतो. लेयर मास्क असाच कागद आहे. फरक एवढाच, की तो हजार वेळा काढता-लावता येतो आणि हवा तिथे अर्धवट विरळही करता येतो.

नवशिक्या माणसाचा हात मात्र आधी इरेझरकडे जातो, कारण खोडरबर सगळ्यांनी पहिलीपासून वापरलेलं असतं. आबांच्या फोटोमागचा पांढरा पडदा तो भराभर पुसत सुटतो. कानाजवळ माउस सटकतो, अर्धा कान जातो. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल झेड आहेच. पण फाईल सेव्ह करून बंद केली, गिऱ्हाईक घरी गेलं आणि रात्री फोन आला, "आबांचा कान कुठंय?" तर उत्तर नसतं. पुसलेला भाग फाईलमध्ये उरलेलाच नसतो. पुन्हा स्कॅन, पुन्हा कटिंग, पुन्हा पहिल्यापासून. परभणीबद्दलची जुनी म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. इरेझरनं केलेलं काम त्याच तत्त्वावर चालतं. मास्कवाल्याला असला जुगार खेळावा लागत नाही.

आधी लेयर म्हणजे काय ते बघू. एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. तळाच्या काचेवर लग्नाचा ग्रुप, वरच्या काचेवर आबा. आबांची काच ग्रुपवर ठेवली की तिच्यामागचा पांढरा पडदा नवरीला झाकून टाकतो. हा पडदा घालवायचा तर पॅनेलच्या तळाशी मधोमध गोल असलेल्या चौकटीचं बटण दाबायचं. आबांच्या चित्राशेजारी एक कोरी पांढरी खिडकी उघडते आणि पडद्यावर काहीच बदलत नाही. शिकाऊ पोरं इथंच गडबडतात, त्यांना वाटतं बटण चाललं नाही. पण पांढरा म्हणजे "दाखव". सगळा मास्क पांढरा म्हणजे सगळं दिसणार. आता ब्रश घ्यायचा, रंग काळा करायचा आणि आबांच्या मागच्या पडद्यावरून फिरवायचा. ब्रश जिथून जाईल तिथला पडदा नाहीसा होतो आणि खालून मांडवाची झालर वर येते. चुकून कानावरून गेला? कीबोर्डवर एक्स दाबायचं, काळ्याचा पांढरा होतो, आणि तोच ब्रश उलटा फिरवला की कान परत. आज, उद्या, पुढच्या वर्षीसुद्धा, फाईल पीएसडी म्हणून ठेवली असेल तर.

काळा झाकतो, पांढरा दाखवतो, एवढ्यावर निम्मं काम भागतं. उरलेलं निम्मं करड्या रंगाचं. साध्या आठ बिटच्या फाईलमध्ये मास्कच्या प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ यांतला एक आकडा असतो. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा, मधले सगळे करडे. गणित शाळकरी आहे. आबांच्या खांद्यावरच्या एका ठिपक्याचा उजेड २०० धरा आणि त्याच जागी खाली असलेल्या मांडवाच्या कापडाचा ८०. मास्क २५५ असेल तर तिथे २०० दिसेल, ० असेल तर ८०. मास्क १२८, म्हणजे साधारण निम्मा असेल तर निम्मे आबा आणि निम्मा मांडव मिळून १४० च्या आसपास. खांद्याच्या कडेला असे दोन-तीन ठिपके करडे राहिले की माणूस त्या जागी उभा असल्यासारखा वाटतो. एकही करडा नसला तर कात्रीनं कापून फेव्हिकॉलनं चिकटवल्यासारखा दिसतो, आणि करडे फार झाले तर धुक्यातून चालत आल्यासारखा. सगळी कारागिरी या दोन-तीन ठिपक्यांची.

या खिडकीचा एक खोडसाळपणा या धंद्यातल्या प्रत्येकानं अनुभवलेला असतो. पॅनेलमध्ये शेजारी-शेजारी दोन खिडक्या असतात, एक चित्राची, एक मास्कची. ज्या खिडकीभोवती बारीक चौकट दिसते ती चालू. मास्कऐवजी चित्राची खिडकी चालू राहिली आणि काळा ब्रश फिरवला, की पडदा नाहीसा होण्याऐवजी आबांच्या गालावर डांबराचा पट्टा उमटतो. बाजूला त्यांचा मुलगा बसलेला असताना असं झालं की ऑपरेटरचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दोन खिडक्यांच्या मधे साखळीची एक कडीही दिसते. ती आहे तोवर चित्र सरकवलं की मास्कही बरोबर सरकतो. कडी काढली की मास्क जागेवर आणि चित्र त्याच्यामागे हलतं, जसं आपण खिडकीशी उभं राहावं आणि रस्त्यावरून माणूस जावा. अक्षरांच्या आत फुलांचा फोटो भरलेली "शुभविवाह" ही पाटी बहुतेक पत्रिकांवर असते, तीही याच कुळातली. तिला क्लिपिंग मास्क म्हणतात. तिथे काळ्या-पांढऱ्याचं काम खालच्या लेयरवरची अक्षरं करतात, फूल तेवढ्यापुरतंच दिसतं.

आता टोपी. आबांच्या पिढीच्या पासपोर्ट फोटोत डोक्यावर हमखास पांढरी टोपी असते आणि मागे स्टुडिओचा पांढरा पडदा. पांढऱ्यावर पांढरं. २०१८ साली फोटोशॉपमध्ये 'सिलेक्ट सब्जेक्ट' हे बटण आलं. एका क्लिकमध्ये माणूस मोकळा करून देणारी ॲप आता मोबाइलवरही आहेत. तरण्या पोराच्या निळ्या शर्टातल्या फोटोला ती झकास चालतात. आबांच्या फोटोवर चालवली की ती कपाळाच्या वर थांबतात, टोपी पडद्याबरोबर उडवून टाकतात आणि आबा बोडके होतात. पण या बटणांची एक गोष्ट बरी. त्यांनी केलेली निवड मास्कमध्ये उतरवता येते, म्हणजे चूक दुरुस्त होते. ऑपरेटर फोटो तीनशे-चारशे टक्के मोठा करतो. टोपीची कड तिथे पडद्यापेक्षा किंचित पिवळसर, किंचित सावलीतली दिसते. ती धरून तो पेन टूलनं टिंबं टाकत जातो, निवड करतो, त्यात पांढरा रंग भरतो. टोपी परत येते, अगदी घडीसकट.

टोपी एकवेळ सोपी. खरा घाम फोडतात त्या मुंडावळ्या. नवरदेवाला ग्रुपमधून उचलून अल्बमच्या पानावर टाकायचा असतो, मागे ताजमहाल किंवा स्वित्झर्लंडचं बर्फ. कपाळावरून गालावर लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरी, दोन मोत्यांमधला दोऱ्याएवढा मोकळा भाग, त्यातून दिसणारी मांडवाची लाल झालर. ती झालर काढली नाही तर बर्फात लाल ठिपके उरतात, आणि घाईनं काढली तर मोती अर्धे होतात. नवरीची जाळीदार ओढणी त्याहून नाठाळ, कारण ती मुळातच अर्धी पारदर्शक असते. तिथे काळा चालत नाही आणि पांढराही चालत नाही. हलक्या फ्लोचा करडा ब्रश थरावर थर फिरवत बसावं लागतं. फ्लेक्सवर असल्या गोष्टी खपून जातात. दहा फुटी बॅनर चौकातून मोटारसायकलवर जाताना बघायचा असतो. अल्बम मात्र मांडीवर घेऊन, चष्मा लावून, मावश्या बघतात.

मास्क फक्त माणसं कापायला लागतो असं नाही. उजेड कमी-जास्त करणारे लेयर असतात, त्यांच्यासोबत मास्क आपोआप येतो. मांडवातल्या पिवळ्या हॅलोजनखाली सगळे काविळीचे रोगी दिसतात, ते दुरुस्त करताना नवरीच्या हळदीचा पिवळेपणा जाऊ द्यायचा नसतो. तेवढ्या भागावर काळा ब्रश. "जरा गोरं करा" ही मागणी तर रोजची. समंजस ऑपरेटर ती ऐकतो, मान डोलावतो, उजेडाचा लेयर चढवतो आणि मास्क बराचसा काळाच ठेवतो. गिऱ्हाईकही खूश आणि नवरीही ओळखू येते.

हे सगळं संगणकानं आणलं असं मानायचं कारण नाही. ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकारानं १८५७ साली इंग्लंडमध्ये तीसहून अधिक निगेटिव्हमधून एकच मोठं चित्र छापलं होतं. एका निगेटिव्हचा भाग छापताना बाकीचा कागद झाकून ठेवायचा, मग पुढची निगेटिव्ह. जादूगार असलेल्या जॉर्ज मेलिएसनं १९०० मध्ये फ्रान्समध्ये स्वतःलाच सात वेळा पडद्यावर आणून वाद्यवृंद उभा केला. फिल्मचा काही भाग अंधारात ठेवून उरलेल्यावर चित्रण करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, मग झाकलेला भाग उघडायचा. अंधार म्हणजे काळा ब्रश, आणि चुकलं तर सगळी फिल्म वाया.

आपल्याकडे या मुलखाचे आद्यपुरुष दादासाहेब फाळके. ते सिनेमाकडे आले तेच छायाचित्रण, ब्लॉकमेकिंग आणि शिलाछपाई करत करत. 'प्रोफेसर केळफा' या नावानं, म्हणजे फाळके हे आडनाव उलटं करून, जादूचे प्रयोगही त्यांनी केले होते. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केलं, आणि तिथल्या रंगीत देवदेवतांच्या तसबिरी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा करून, एकावर एक छापून निघायच्या. आजचा ऑपरेटर ज्याला लेयर म्हणतो ते त्या छापखान्यात अक्षरशः दगडाचे होते. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळक्यांचे पौराणिक मूकपट कॅमेऱ्याच्या करामतींवर उभे राहिले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले.

संगणकात हा अंधार आकड्यांत उतरला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस. एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी न्यूयॉर्कमध्ये काम करताना चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांसोबत चौथा आकडा जोडला. हा ठिपका किती झाकतो, हे तो आकडा सांगतो. त्याला त्यांनी अल्फा म्हटलं. एकावर एक चित्रं कशी बसवायची याचं गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये पक्कं मांडलं. वर खांद्याचं गणित केलं, त्याचं मूळ तेच. पुढे या चौघांना १९९६ साली ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं तेव्हा त्यात लेयर नव्हते. दोन चित्रं जोडली की जोडली, परत सुटी होत नसत. लेयर आणि त्यांचे मास्क आले १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं गिंप १९९६ पासून फुकट मिळतं, आणि त्यातही लेयरवर उजवं बटण दाबलं की मास्क हजर.

परभणीत या सोयीचा सर्वांत चतुर वापर बघायचा तर लग्नाचे अल्बम सोडून चौकातल्या बॅनरकडे वळावं. वाढदिवसाच्या बॅनरवर वरच्या ओळीत नेत्यांची गोल-गोल मुंडकी असतात. कोणाचं आधी, कोणाचं मोठं, कोण कोणाच्या शेजारी, यावर दुकानात अर्धा-अर्धा तास खल चालतो. प्रूफ व्हॉट्सॲपवर जातं आणि पाच मिनिटांत उत्तर येतं, साहेबांचा डावीकडे घ्या. २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यातले दोन पक्ष फुटले तेव्हा एकाच बॅनरवरची अर्धी मुंडकी एका रात्रीत नकोशी झाली आणि काही दिवसांनी त्यांतली काही पुन्हा हवीशी. जे दुकानदार इरेझरवर चालले होते त्यांना फोटो पुन्हा शोधत बसावं लागलं असेल. मास्कवाल्यांनी शिफ्ट दाबून मास्कवर क्लिक केलं. त्यावर लाल फुली येते, मास्क तात्पुरता बंद होतो, झाकलेला माणूस हसतमुखानं परत हजर. मराठी राजकारणाला याहून सोयीचं बटण सापडणं कठीण.

याच जिल्ह्यावरून आणखी एक मास्क फिरतो, तो दिसत मात्र नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या जोडीनं साधारण दर पाच दिवसांनी एकाच जागेचं चित्र मिळत आलं आहे, आणि त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. जून ते सप्टेंबर, सोयाबीन आणि कापूस वाढत असताना, परभणीवर नेमके ढग असतात. ढगाचा पांढरेपणा संगणकानं शेताचा हिरवेपणा समजून मोजला तर पिकाचा अंदाज पार बिघडेल. म्हणून चित्रावर ढगांचा मास्क चढवतात. ढग आणि त्यांची सावली जिथे आहे ते ठिपके झाकायचे आणि हिशेबात धरायचेच नाहीत. मूळ चित्र तसंच जपून ठेवलेलं असतं. ढग ओळखण्याची चांगली पद्धत निघाली की मास्क बदलतो.

इकडे दुकानात आबांचं काम संपत आलेलं असतं. आता फोटो जरा लांबून बघायचा. टोपी आहे, कान आहे, कड मऊ आहे, तरी काहीतरी खटकतं. उजेड. ग्रुपवर उन्हं उजवीकडून, आबांवर स्टुडिओचा फ्लॅश समोरून. मग उजेडाचा एक लेयर आबांपुरता लावायचा आणि त्याच्या मास्कवर डावा गाल हलकासा अंधारायचा. लग्नातला फोटो मोबाइलवरचा, म्हणून थोडा रवाळ. आबांनाही तेवढाच रवा लागतो.

एवढ्यात स्टुलावरून आवाज येतो, "भाऊ, आबांचा हात पोराच्या खांद्यावर येतोय का?"

इथे मास्क हात टेकतो. तो असलेलं झाकू शकतो, झाकलेलं दाखवू शकतो. पासपोर्ट फोटोत आबा छातीपर्यंतच आहेत, हात फोटोग्राफरनं कधी घेतलाच नाही. हल्ली यंत्राला सांगून नवा हात बनवून घेता येतो, पण तो आबांचा नसतो, आणि आयुष्यभर नांगराला जुंपलेल्या माणसाच्या बोटांना मुलगा लगेच ओळखतो. ऑपरेटर मान हलवतो आणि आबांना उचलून मागच्या रांगेत नेतो, दोन पुतण्यांच्या मधे. छातीच्या खालचं जे नाही ते पुतण्यांच्या खांद्यांमागे जायला हवं. काळा ब्रश घेऊन तो पुतण्याच्या फेट्याच्या कडेनं हळूहळू उतरतो. खांद्यावर रुळणारा शेमला चुकून आबांच्या सदऱ्याखाली अडकतो. एक्स दाबून जास्तीचं परत आणायचं, पुन्हा एक्स, आणि शेमल्याची झालर एकेक दोरा मोकळी करायची.

"थांबा," स्टुलावरचा म्हणतो, "टोपी जरा तिरपी घालायचे ते."

पोरगा टोपी दोन अंश डावीकडे झुकवतो. मागे मूळची पांढरी कड उघडी पडते, ती काळ्यानं झाकतो. गिऱ्हाईक पुढे झुकून बघत राहतं. मग विचारतं, फ्रेममध्ये कितीला पडेल, आणि दोन कॉप्या काढायला सांगतं, एक बहिणीला पूर्णेला पाठवायची आहे.